मैफल त्याच रात्री हातात

कार्यक्रम रंगमंचावर सुरू असतानाच त्याचे ध्वनिमुद्रण करायचे आणि श्रोते सभागृहातून बाहेर पडेपर्यंत त्याच्या प्रती विक्रीला तयार ठेवायच्या, हा व्यवसाय अमेरिकेत २००३च्या सुमारास उभा राहिला. यात ग्राहक नुकतेच जे ऐकून बाहेर येतो, तेच विकत घेतो. त्या संध्याकाळचे गाणे, त्यात निसटलेला एखादा सूर, मिळालेला वन्स मोअर आणि नीट कान दिला तर स्वतःची टाळीसुद्धा. स्टुडिओत तयार झालेले गाणे वर्षभराने घेतले तरी बिघडत नाही. या ध्वनिमुद्रणाची ओढ मात्र दाराशी सर्वात जास्त असते. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल पकडण्याच्या गडबडीत ती ओसरलेली असते. म्हणून या धंद्याची सारी रचना वेगाभोवती झाली.

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या पट्ट्यात अशा व्यवसायाला लागणारे सामान बरेचसे हजर आहे. ठाण्यात १९७८ साली सुरू झालेले गडकरी रंगायतन आणि पुढे बांधलेले डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर अशी नाट्यगृहे आहेत. ठाणे महानगरपालिका पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ संगीत समारोह भरवते, कल्याण गायन समाज देवगंधर्व महोत्सव करतो आणि दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर माणसांची दाटी होते. गाणे ऐकायला तिकीट काढून येणारा, साथीदारांची नावे लक्षात ठेवणारा श्रोता इथे आहे. तरीही त्याच रात्री मैफल घरी नेण्याची सोय ही इथली नेहमीची रीत झाली नाही. याची कारणे समजून घ्यायची तर यंत्र, राग, कायदा आणि रेल्वेचे वेळापत्रक या चारही गोष्टी पाहाव्या लागतात.

मैफल धरून ठेवण्याची गरज मात्र फार जुनी आहे. कल्याणच्या महोत्सवाला ज्यांचे बिरुद दिले आहे, ते देवगंधर्व म्हणजे भास्करबुवा बखले. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, गोविंदराव टेंबे हे त्यांचे शिष्य. १९११ साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला आणि १९१६च्या ‘स्वयंवर’ नाटकातील पदांना चाली दिल्या. ते १९२२ साली गेले. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२मध्येच सुरू झाले होते, म्हणजे बुवांच्या ऐन उमेदीच्या काळात यंत्र देशात आलेले होते. तरी त्यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळत नाही. शिष्यांच्या गळ्यातून आणि लोकांनी लिहून ठेवलेल्या आठवणींतून जे उरले, तेवढ्यावर त्यांच्या गाण्याची कल्पना करावी लागते. मराठी संगीताचे हे नुकसान भरून येणारे नाही.

त्या काळचे यंत्र मैफलीसाठी नव्हतेच. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. गवयाला कर्ण्यासमोर बसवून, राग आवळून, चीज झटपट संपवून घ्यावी लागे. मैफलीत तासभर फुलणारा ख्याल तबकडीत येणे शक्य नव्हते. ते शक्य झाले चुंबकीय फितीमुळे, म्हणजे रसिकांच्या भाषेत स्पूलमुळे. सात इंची चक्रीवर साधारण १२०० फूट फीत मावे. सेकंदाला साडेसात इंच वेगाने ती चालवली तर बत्तीस मिनिटे मिळत. वेग निम्मा केला तर तासाहून थोडा अधिक वेळ, पण आवाजाचा दर्जा उतरे. विलंबित ऐन रंगात आला असताना चक्री संपायची. ती उचलायची, उलटवायची, फितीचे टोक पुन्हा खाचेतून ओवायचे आणि बटण दाबायचे. तेवढ्यात दोन-तीन आवर्तने निघून जात. जुन्या खासगी ध्वनिमुद्रणांत आलाप मध्येच तुटतो आणि पुढचा आवाज एकदम तानेतच उघडतो, तो यामुळे. कॅसेट आल्यावर यंत्र पिशवीत मावू लागले, पण नव्वद मिनिटांच्या कॅसेटचीही एक बाजू पंचेचाळीस मिनिटांतच संपे.

अशा खासगी फितींचा साठा हौशी रसिकांच्या घरी, आयोजकांच्या कपाटात आणि कलाकारांच्या कुटुंबांत जमत गेला. त्यातला काही भाग बाजारात आणण्याचे मोठे काम पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने केले. सुरेश अलूरकरांनी स्टुडिओतील छोट्या तुकड्यांपेक्षा मैफलीचे प्रत्यक्ष गाणे मोलाचे मानले. मल्लिकार्जुन मन्सूर, वसंतराव देशपांडे अशा गायकांचे सलग गाणे त्यांच्या कॅसेटींतून घराघरांत गेले. मराठी श्रोता मैफलीच्या ध्वनिमुद्रणासाठी पैसे मोजतो, खोकल्याचा आवाज आणि तंबोरे जुळवण्याचा खटाटोप त्यात आला तरी तक्रार करत नाही, हे अलूरकरांच्या धंद्याने दाखवून दिले. पण मूळ मैफल आणि कॅसेट यांत मोठे अंतर असायचे. मैफलीला बसलेला माणूस आणि कॅसेट घेणारा माणूस बहुधा वेगळा असे.

हे अंतर मिटवण्याची कल्पना अमेरिकेतल्या चाहत्यांच्या सवयीतून आली. ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांत लोक माईक उंच काठ्यांना बांधून ध्वनिमुद्रण करत. त्यांना हाकलण्याऐवजी वृंदाने १९८४ साली सभागृहात त्यांच्यासाठी वेगळी जागाच नेमून दिली. फिती एकमेकांना द्याव्यात, विकू मात्र नयेत, एवढीच अट होती. त्यातून जगभर फितींची देवाणघेवाण करणारा मोठा समाज तयार झाला. पर्ल जॅमने २०००च्या दौऱ्यात चोरट्या प्रतींना उत्तर म्हणून आपल्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे स्वतःच प्रसिद्ध केली. एकाच दौऱ्यातून ७२ अल्बम निघाले. फिश या वृंदाने २००२च्या अखेरीपासून कार्यक्रमानंतर थोड्याच काळात इंटरनेटवरून ध्वनिमुद्रण उतरवून घेण्याची सोय केली. राहिले होते ते फक्त दारापर्यंतचे अंतर.

ते २००३मध्ये पार झाले. क्लिअर चॅनल या मोठ्या कंपनीने ‘इन्स्टंट लाइव्ह’ या नावाने बॉस्टनच्या छोट्या क्लबांतून सुरुवात केली. त्याच सुमारास न्यू यॉर्कची ‘डिस्कलाइव्ह’ ही कंपनीही उतरली. पिक्सीज हा फुटलेला वृंद २००४ साली पुन्हा एकत्र आला, तेव्हा डिस्कलाइव्हने त्यांच्या कार्यक्रमांच्या क्रमांक घातलेल्या मर्यादित प्रती विकल्या. एका शहराची सीडी दुसऱ्या शहरात मिळत नसे, त्यामुळे वृंदाच्या मागे फिरणारे चाहते ती पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीसारखी जपत.

मग भांडण आले पेटंटचे. कार्यक्रम चालू असताना प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीची खूण डिजिटल ध्वनिमुद्रणात घालत जायची आणि शेवटी वेगवेगळी गाणी असलेली सीडी लगेच छापायची, या पद्धतीचे अमेरिकी पेटंट क्लिअर चॅनलने विकत घेतले. त्याच्या जोरावर इतरांनी या धंद्यासाठी आपली परवानगी घ्यावी, असा आग्रह सुरू झाला. डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने या पेटंटला आव्हान दिले. टेलेक्स कंपनीकडे असेच तंत्र आधीपासून होते, हे पुढे आले आणि २००७ साली पेटंट रद्द झाले. तोवर बाजारच बदलला होता. लोक गाणे खिशातल्या उपकरणावर ऐकू लागले होते आणि सीडीच्या रांगेत उभे राहण्याचे कारण कमी होत चालले होते.

दारात प्रत तयार ठेवण्याची युक्ती यंत्राच्या वेगापेक्षा कामाच्या वाटणीत आहे. चकत्यांवर घालायचे ध्वनिमुद्रण दोन ठिकाणांहून येते. पहिली वाट मिक्सरमधून: साऊंडवाल्याकडे सगळ्या माईकचा आवाज येतो, तोच एका तारेने ध्वनिमुद्रण यंत्राकडे वळवतात. पण एवढ्यावर भागत नाही. नाट्यगृह लहान असेल तर तबल्याचा आवाज थेटच श्रोत्यांपर्यंत पोहोचतो, म्हणून साऊंडवाला तो मिक्सरवर कमी ठेवतो. परिणामी मिक्सरच्या तारेतून आलेल्या ध्वनिमुद्रणात गळा कानाशी आणि तबला दूर शेजारच्या खोलीत वाजल्यासारखा येतो. शिवाय त्यात सभागृह नसते. दाद नसते, टाळी नसते, समेवर एकदम सुटणारा श्वास नसतो. म्हणून प्रेक्षागृहात दोन माईक वेगळे लावावे लागतात आणि दोन्ही वाटांचा आवाज कार्यक्रम चालू असतानाच जुळवावा लागतो. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचायला वेळ लागतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा वीस-बावीस मीटरवर लावलेला माईक मंचापेक्षा सेकंदाचा पंधरावा भाग उशिरा ऐकतो. हा फरक भरून काढला नाही तर प्रत्येक थाप दुहेरी ऐकू येते.

दुसरे काम छापण्याचे. एका सीडीवर ऐंशी मिनिटे मावतात. तीन तासांच्या कार्यक्रमाला तीन चकत्या लागतात. त्यातल्या पहिल्या दोन, गायक अजून मंचावर असतानाच छापून व्हायला हव्यात; मग शेवटी फक्त तिसरी उरते. दहा चकत्या एकदम छापणारे यंत्र एका फेरीला भरणे-काढणे धरून पाच मिनिटे घेते असे समजू. शंभर प्रतींसाठी दहा फेऱ्या, म्हणजे पन्नास मिनिटे. एवढा वेळ कोणी थांबत नाही. अशी चार यंत्रे ठेवली तर हेच काम पंधरा मिनिटांत उरकते, पण चार यंत्रे, ती हाताळणारी माणसे आणि ऐनवेळी वीज गेली तर लागणारी सोय, हा खर्च एकाच संध्याकाळच्या विक्रीतून निघाला पाहिजे. म्हणूनच हा धंदा मोठ्या दौऱ्यांवर टिकला आणि एकेकट्या कार्यक्रमांवर अडखळला.

रागसंगीतात आणखी एक पेच येतो. रॉकच्या कार्यक्रमात गाणे संपते, टाळ्या होतात, दुसरे सुरू होते. खूण कुठे घालायची याचा प्रश्न नसतो. ख्यालाच्या मैफलीत खूण घालणाऱ्याला गाणे समजावे लागते. विलंबितातून द्रुतात जाताना मधे शांतता नसते. एकाच रागाच्या दोन चिजा एकमेकींत मिसळतात. आणि एक चकती पंच्याहत्तराव्या मिनिटाला भरायला आली असताना बडा ख्याल सुरू असेल तर कुठे कापायचे? समेवर कापणे त्यातल्या त्यात बरे. तानेच्या मधोमध कापणे हा त्या गायकावर अन्याय आहे. स्पूल उलटवणाऱ्या हौशी माणसाची जी अडचण होती, ती या नव्या यंत्रातही तशीच राहिली. तंबोरा जुळवण्याचा वेळ ठेवायचा की काढायचा, यावरही मतभेद असतात. जाणकार श्रोता तो ठेवा म्हणतो, कारण कोणत्या स्वरावर बैठक मांडली आहे ते तिथेच कळते.

सर्वात मोठी अडचण हक्कांची आहे. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७चा. १९९४च्या दुरुस्तीने त्यात कलाकाराच्या सादरीकरणाला स्वतंत्र हक्क मिळाला आणि २०१२च्या दुरुस्तीने तो पुष्कळ बळकट केला. मंचावरचे गाणे ध्वनिमुद्रित करण्याचा आणि त्याच्या प्रती काढण्याचा अधिकार कलाकाराचा असतो. तो सादरीकरणानंतर पन्नास वर्षे चालतो. कलाकार म्हणजे केवळ मुख्य गायक नव्हे. तबला, संवादिनी, मागे तंबोऱ्यावर बसून सूर देणारा शिष्य हेही त्यात येतात. ध्वनिमुद्रणाचा व्यापारी वापर होणार असेल तर त्यांना मानधनापलीकडे स्वामित्वधनाचा हक्क आहे, तसाच आपले नाव कलाकार म्हणून नोंदले जाण्याचाही आहे. त्यामुळे तंबोरे लागण्याआधी सगळ्यांच्या सह्या झाल्या पाहिजेत. श्रोत्याने स्वतः ऐकण्यापुरते ध्वनिमुद्रण केले तर कायदा त्याला उल्लंघन मानत नाही. मात्र आयोजकाची किंवा सभागृहाची मनाई असेल तर ती पाळावी लागते, आणि प्रत विकली की खासगी वापराची सवलत संपते.

याशिवाय शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे. ते कवी व संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतात. पारंपरिक बंदिशी यातून मोकळ्या आहेत. ‘स्वयंवर’ची पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले, त्यामुळे शब्दांवरचा हक्क २००८ अखेर संपला आणि भास्करबुवांच्या चालींवरचा त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे ज्या बुवांचा स्वतःचा आवाज उरला नाही, त्यांच्या चाली आज कोणीही गाऊन, ध्वनिमुद्रित करून त्याच रात्री विकू शकतो. अभंगाची गोष्ट फसवी असते. शब्द तुकारामांचे म्हणून मोकळे, पण चाल श्रीनिवास खळ्यांची असेल तर बांधलेली. खळे २०११ साली गेले. ठाण्याचे जनकवी पी. सावळाराम १९९७ साली गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०५७ अखेरपर्यंत राहील. जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेण्यासाठी कायद्यात वैधानिक परवान्याची वाट आहे, पण तिच्या अटी मोठ्या कंपन्यांना पेलणाऱ्या आहेत: मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे गेलेली हवीत आणि सर्वसाधारणपणे वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन भरावे लागते. शंभर-दोनशे प्रती विकणाऱ्याला ते अशक्यच. त्याने हक्कधारकांशी थेट बोलणी करावीत, एवढाच मार्ग उरतो. सभागृहात गाण्यासाठी आयोजकाने घेतलेला परवाना ध्वनिमुद्रण विकायला पुरत नाही, हेही पुष्कळदा उशिरा लक्षात येते.

ठाणे-डोंबिवलीतली खरी कोंडी इथे दिसते. गर्दी आहे ती भावगीते, चित्रपटगीते आणि दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांना, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गाण्याला परवानगी हवी. हक्कांची वाट मोकळी आहे ती ख्याल, ठुमरी आणि जुन्या नाट्यपदांना, आणि त्यांचा श्रोता तुलनेने थोडा. जिथे माल खपेल तिथे तो करता येत नाही. जिथे करता येतो तिथे शंभर प्रतींना गिऱ्हाईक मिळवताना कष्ट पडतात.

त्यात लोकलचे गणित. रात्रीच्या मैफलीला बदलापूर, टिटवाळा, मुलुंड असा लांबून आलेला श्रोता भैरवीची चाहूल लागताच घड्याळ बघू लागतो. दोन लोकलमधले अंतर रात्री वाढते. एक चुकली तर फलाटावर ताटकळावे लागते, पुढे रिक्षा मिळेल की नाही ही चिंता निराळी. प्रतीसाठी पंधरा मिनिटे थांबा म्हणणे त्याला परवडत नाही. पहाटेच्या कार्यक्रमाचे तसे नसते. सूर्य वर आलेला असतो, सुट्टीचा दिवस असतो, माणसे चहा घेत, ओळखीच्यांना भेटत रेंगाळतात. त्याच वेळी विक्री झाली तर ती सहज होईल. पण पहाटेला गायली जाणारी गाणी बहुतेक हक्कांत बांधलेली, आणि तिढा पुन्हा तोच.

आता चकती छापण्याची गरज राहिली नाही. सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण मिनिटाला दहा एमबी जागा घेते. तीन तासांचे १८०० एमबी होते. एमपी-थ्री करून तेच पावणेदोनशे एमबीत बसते, म्हणजे मोबाईलवर काही क्षणांत उतरते. तिकिटावर क्यूआर कोड छापायचा, पैसे आधीच घ्यायचे आणि श्रोता लोकलमध्ये बसेपर्यंत दुवा पाठवायचा, एवढ्याने रांगही संपते आणि यंत्रेही. वेगाचा प्रश्न असा सुटला, तेव्हा दर्जाचा प्रश्न पुढे आला. सभागृहात शेकडो मोबाईल वर होतात आणि तुकडे फुकट पसरतात. मोबाईलचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज आला की तो आपोआप दाबतो आणि शांतता आली की वाढवतो. त्यामुळे मंद्रातून तारसप्तकाकडे चढत जाणारी बढत त्यात सपाट होते, आणि गायकाने अर्धा तास घालून जो चढ उभा केला तोच नाहीसा होतो. नीट लावलेल्या दोन माईकचे ध्वनिमुद्रण विकत घ्यावे, याचे सर्वात चांगले कारण हेच.

घरातल्या जुन्या साठ्याला काळाची वेगळी भीती आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत कॅसेटच्या फितीला बुरशी लागते आणि थर एकमेकांना चिकटतात. घरी छापलेल्या सीडीवरचा रंगाचा थर उजेडाने आणि उष्णतेने उतरतो. फीत वाचवायची असेल तर ती जोरात पुढे-मागे न फिरवता सावकाश एकदाच वाजवून संगणकावर घेतात आणि तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवतात. खोक्यावरचे हस्ताक्षरही छायाचित्र काढून सोबत ठेवावे लागते, कारण राग, ठेका आणि साथीला कोण होते ही माहिती पुष्कळदा तेवढ्याच एका ठिकाणी असते. विक्रीच्या प्रतीवर ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे कायद्याने बंधनकारक आहे. मैफलीची तारीख आणि जागा छापण्याची सक्ती नाही, पण मैफलीचे ध्वनिमुद्रण घेणारा रसिक खोके हातात घेतल्यावर आधी तेच शोधतो.